पाणथरीतला पाहुणा

"यशोधराताई, तुम्हाला मुलगा होता का?" डॉक्टर भोयर यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "मला ही एकच."

प्रश्न पुरता संपलाही नव्हता. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या उत्पलानं मान वळवून आईकडे पाहिलं. उत्पला नगराळे नागपुरातल्या एका विमा कंपनीत दाव्यांची पडताळणी करायची. दुकान जळालं की जाळलं, माणूस घसरला की त्याला ढकललं, हे शोधून काढायचं तिचं काम. समोरचा काय बोलतो यापेक्षा तो कसा बोलतो याकडे तिचं लक्ष आपोआप जायचं. आणि आईचं ते 'नाही' तिला खटकलं. इतक्या विचित्र प्रश्नाचं तिला नवल वाटायला हवं होतं. तिला नवल वाटलं नव्हतं.

चंद्रपुरातलं ते रुग्णालय इरई नदीच्या काठावर होतं. काचेबाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. उन्हाळ्यात उष्म्यामुळे शहरात दुपारची संचारबंदी असे. रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. आई-लेकींना आता संध्याकाळपर्यंत इथून हलता येणार नव्हतं.

आईच्या दुखण्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झाली. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, चंद्रपुरातच एकटी राहणारी, सकाळी बागेत चालायला जाणारी ठणठणीत बाई. एक दिवस हातापायांवर जांभळे डाग उठले. कुठं आपटलेलं नव्हतं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. तपासणीत कळलं, की रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट्स, झपाट्यानं कमी होताहेत. शरीरच त्या मारत होतं. आणि हे सगळं घडत होतं पाणथरीत.

पाणथरी म्हणजे प्लीहा. पोटाच्या डाव्या अंगाला, शेवटच्या बरगड्यांआड दडलेला, मुठीएवढा, जांभळट अवयव. हिवतापानं सुजला की खेड्यापाड्यांतल्या जाणत्या म्हाताऱ्यांच्या तो हाताला लागायचा, एरवी त्याची आठवण कुणाला होत नाही. त्याची कामं दोन. त्याच्या लाल गरात अतिशय अरुंद फटी असतात. रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यांतून अंग चोरून जावं लागतं. तरुण, लवचीक पेशी पलीकडे निसटते. म्हातारी, ताठरलेली पेशी अडकते आणि तिथंच मोडीत निघते. पाणथरीचा पांढरा गर मात्र पहारेकऱ्यांची चौकी आहे. एकदा येऊन गेलेल्या जंतूचा चेहरा तिथल्या पेशी वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पाणथरी काढून टाकली तरी माणूस जगतो, पण साध्या न्यूमोनियाचीही मग त्याला धास्ती असते.

"आपण नळीतून तुमच्या पाणथरीतल्या पेशी घेतल्या," डॉक्टर सांगत होत्या, "आणि नव्या यंत्रात एकेक पेशी वाचली. पूर्वी असं करता येत नव्हतं. तेव्हा ढोबळ अंदाज बांधायचे. आता प्रत्येक पेशी कुणाची आहे तेही कळतं. तुमच्या पाणथरीत तुमच्या नसलेल्या पेशी सापडल्या."

"माझ्या नसलेल्या?"

"यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मतं, त्या मागे राहतात. हृदयात, यकृतात, पाणथरीत मुक्काम करतात. आईचं वय झालं तरी असतात. उत्पलाताईंचं रक्त आपण त्यासाठीच घेतलं होतं. यांच्या काही पेशी सापडल्या. त्या गुपचूप आहेत. त्रास आहे तो दुसऱ्यांचा. त्या एका पुरुषाच्या आहेत, आणि तुमचे पहारेकरी त्यांच्यावर खवळलेत. त्या रागात ते प्लेटलेट्सनाही शत्रू समजायला लागलेत."

"पण आईला मुलगा नाही," उत्पला म्हणाली.

"दुसरीही कारणं असतात. यांना आईच्या पोटात असताना एखादं जुळं भावंड असेल आणि ते जिरून गेलं असेल. थोरल्या भावाच्या पेशी यांच्या आईमार्फत यांच्यात आल्या असतील. कधी कुणाचं रक्त चढवलं असेल." डॉक्टरांनी हात उघडले. "उपायाला त्यानं फरक पडत नाही. त्याच नळीतून आपण बारीक कण सोडू. ते त्या परक्या पेशी हुडकून काढतात आणि जाळून टाकतात. भोवतालचे खवळलेले पहारेकरीही जातात. याला शोधन म्हणतात. पाणथरी शाबूत राहते."

आई बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "त्या पेशी जिवंत आहेत?"

"हो तर. जिवंत आहेत, वाढताहेत."

"मग मला ते शोधन करायचं नाही," आई म्हणाली आणि पदर सावरून उभी राहिली.

*

घरी आल्यावर उत्पलानं रीतसर विचारलं. आईनं भाजी चिरता चिरता उत्तरं दिली. यंत्रं चुकतात. वय झालं, आता कशाला नळ्या घालून घ्यायच्या. तुझे बाबा गेले तेव्हा काय कमी नळ्या होत्या? आईच्या दंडावर रुपयाएवढा नवा डाग होता. बोलताना ती सारखी तो पदरानं झाकत होती.

"आई, औषधांचा उपयोग झाला नाही. हे नाही केलं तर एक दिवस मेंदूत रक्त उतरेल. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय."

"उतरेल तेव्हा बघू."

"तू मरायला तयार आहेस, पण ते जाळायला नाही. काहून?"

आईनं विळी उचलून आत नेली.

त्या दिवसापासून उत्पला आपल्याच घराकडे एखाद्या दाव्याच्या जागेसारखी बघायला लागली. आणि बघायला लागल्यावर किती तरी गोष्टी दिसल्या. तिच्या जन्माआधीचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नाचा एक सोडला तर आईबाबांचं आयुष्य जणू तिच्या बारशापासूनच सुरू झालं होतं. नातेवाईकांचं येणं-जाणं नव्हतं. आत्याकडे शेवटचं कधी गेलो ते तिला आठवेना. येणारा माणूस एकच. बोरकर काका. बाबा आलापल्लीला वीज मंडळात होते तेव्हाचे त्यांचे सोबती. दर पावसाळ्यात एकदा ते राजुऱ्याहून यायचे, जेवायचे, आणि जेवताना कुणीच काही बोलायचं नाही. एकदा, ती सातवी-आठवीत असेल, काका निघताना आईनं त्यांचा हात धरला होता आणि बराच वेळ सोडला नव्हता. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

दुसऱ्या सकाळी ती औषधांच्या दुकानातून नातेपट्ट्यांचं पाकीट घेऊन आली. या पट्ट्या निघाल्या आणि घराघरांतली शांतता गेली होती. थुंकीचा थेंब किंवा मुळासकट केस पट्टीवर ठेवायचा, फोन जवळ धरायचा, की कोण कुणाचं कोण ते उमटतं. लग्नं मोडली होती, वाटण्या उलटल्या होत्या. उत्पलाच्या कंपनीतली निम्मी प्रकरणं पट्ट्यांमुळेच उभी राहायची. आईच्या तपासणीची माहिती तिच्या फोनवर होतीच, कारण रुग्णालयात काळजीवाहक म्हणून तिचंच नाव होतं. त्या अनोळखी पेशींचं वाचन तिनं पट्टीला जोडलं.

पहिलं उत्तर आलं: तो मुलगा आईचाच. जुळा भाऊ नाही, थोरला भाऊ नाही, कुणाचं चढवलेलं रक्त नाही. आईच्या पोटचा.

मग तिनं स्वतःच्या थुंकीचा थेंब ठेवला. सख्ख्या भावंडांचं जितकं जुळावं त्याच्या निम्मंच जुळलं. सावत्र. आई एक, बाप दोन.

उत्पला न्हाणीघराच्या दाराला टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. साधा, अबोल माणूस. तिला सायकल शिकवताना सायकलमागे धावून धावून त्यांचे गुडघे सुजले होते. आणि त्यांच्या पाठीमागे या बाईनं कुणाचं तरी मूल...

"जेवायला ये," आईनं हाक मारली.

"भूक नाही," उत्पला म्हणाली.

*

राजुऱ्याला बोरकर काकांच्या घरी ती संचारबंदी उठल्यावर पोचली. काका आता ऐंशीच्या घरात होते. ओसरीवर ओल्या पडद्याआड बसून ते कापूस वेचल्यासारखे आपल्याच धोतराचे धागे काढत होते. तिला पाहून उठायला लागले.

"काहून आली पोरी अचानक? यशोधरा बरी आहे ना?"

"बरी नाही काका. पाणथरीचं दुखणं आहे."

काकांचा हात जागच्या जागी थांबला. "कुणाची? तिची पाणथरी?"

"मग कुणाची असणार?"

सुनेला हाक मारून काकांनी चहा मागवला. उत्पला त्यांच्याकडे बघत होती. रुंद कपाळ, खाली वळलेल्या भुवया. आईच्या पाणथरीतल्या त्या मुलाला असंच कपाळ असेल का? तो जिवंत असेल का? या घरातच वाढला असेल का?

"काका, आईला माझ्याआधी एक मुलगा झाला होता. हो ना?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते तिला अपेक्षित नव्हतं. साधारणपणे माणसं चिडतात.

"तिनं सांगितलं?"

"नाही. तुम्ही सांगा."

"मी नाही सांगू शकत, बेटा. तुझ्या बापाला वचन दिलं आहे. तो गेला म्हणून वचन जात नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"तुझी माय सांगत नाही म्हणजे काही वाईटच असेल असं धरून नको चालू. एवढंच म्हणतो मी."

काका चष्मा पुसायला आत गेले तेवढ्यात तिनं त्यांच्या उष्ट्या कपाच्या कडेवरून पट्टी फिरवली. पट्टी तिनं पाकिटात टाकली. अनोळखी माणसांच्या घरी तिनं हे कितीदा केलं होतं, पण या माणसाच्या खांद्यावर बसून तिनं लहानपणी जत्रा पाहिली होती.

बसमध्ये फोननं उत्तर दिलं. बोरकर काकांचा त्या मुलाशी काही संबंध नव्हता. तिला हायसं वाटलं नाही. म्हणजे आणखी कुणी तरी होता, एवढाच त्याचा अर्थ.

मग एकच राहिलं होतं, आणि तेही तिनं केलं. कपाटाच्या तळाशी बाबांची लोकरीची कानटोपी होती. आईनं ती धुतली नव्हती. आतल्या शिवणीत अडकलेले, मुळासकट गळलेले दोन-चार पांढरे केस उत्पलानं चिमट्यानं काढले. मुलगा बाबांचा नाही हे तिला माहीत होतं. पण कुठलंही प्रकरण ती अंदाजावर बंद करत नसे. आईसमोर बसायचं तर हातात पुरावा हवा होता.

फोनवर दोन ओळी उमटल्या. अनोळखी मुलगा आणि हे केस: बाप-लेक. तुम्ही आणि हे केस: नातं नाही.

केस दुसऱ्या कुणाचे असतील म्हणून तिनं बाबांच्या जुन्या कंगव्यातला मुळासकट एक केस घेतला. त्याच दोन ओळी. मग ती पलंगावर बसली. टोपी मांडीवर होती. आई एक, बाप दोन, हे तिला कळलं होतं. त्यातला परका बाप कुणाचा, हा प्रश्न तिच्या मनालाही शिवला नव्हता. ज्याला ती घुसखोर समजून हुडकत होती तो या घरचा निघाला. परकी होती ती.

तेवढ्यात बाहेर काही तरी पडल्याचा आवाज झाला. आई अंगणातल्या नळापाशी खाली बसली होती. तिच्या नाकातून रक्ताची धार लागली होती आणि ती ओंजळीत धरून ती म्हणत होती, "काही नाही, उन्हानं झालं, काही नाही."

*

रुग्णालयात रक्त थांबवायला बराच वेळ लागला. प्लेटलेट्स चढवल्या, पण पाणथरी त्याही गिळणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. आता फार दिवस हातात नव्हते.

सकाळी आईला जाग आली तेव्हा उत्पला उशाशी होती. तिनं ठरवलं होतं, की आज काही विचारायचं नाही. पण आईनंच तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? तुझा चेहरा असा का?"

"मी बाबांची नाही," उत्पला म्हणाली.

आईनं डोळे मिटले. उत्पलाला वाटलं, आता ती भिंतीकडे वळेल. ती वळली नाही. तिनं पाणी मागितलं, दोन घोट प्यायली.

"सुगत नाव होतं त्याचं," ती म्हणाली. "तुझ्या भावाचं."

मग ती सांगत गेली, थांबत थांबत.

"आम्ही दोघंही सिकलचे, त्या रक्ताच्या आजाराचे, वाहक. लग्नाच्या वेळी कुणी तपासलं नव्हतं. वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण दोघंही वाहक असले तर चारांत एका मुलाला दोन्हीकडून दोष मिळायची शक्यता. आमचं पहिलंच मूल ते निघालं. त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, पाणथरीत अडकायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लहानपणी कधी कधी पाणथरी एकाएकी रक्त धरून ठेवते, सोडतच नाही. म्हणून तुझ्या बाबांना त्यांनी शिकवलं होतं, रोज सकाळी डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून बघायचं, पाणथरी हाताला लागते का. सुगतला गुदगुल्या व्हायच्या. त्याला तो खेळच वाटायचा. उठला की सदरा वर करून बाबांसमोर जाऊन उभा राहायचा."

उत्पलानं आईचा हात धरला. हातावर जांभळ्या डागांतून मोकळी जागा उरली नव्हती.

"अडीच वर्षांचा होता. त्या दिवशी सकाळी बघितलं, काही नव्हतं. दुपारी पोट टम्म फुगलं आणि ओठ पांढरे पडले. रक्त द्यायला चंद्रपुरालाच आणावं लागणार होतं. बोरकर भाऊजींनी मंडळाची जीप काढली. नदीला पूर होता, पुलावर पाणी. आम्ही काठावर थांबलो. भाऊजी दोनदा पाण्यात गाडी घालायला निघाले, लोकांनी ओढून धरलं. अंगातलं सगळं रक्त त्याच्या पाणथरीत जाऊन साचलं, उत्पला. बाहेर एक थेंब सांडला नाही, आणि पोर रक्तावाचून गेलं. माझ्या मांडीवर."

बाहेर कुणी तरी औषधांची गाडी ढकलत नेली.

"मग मी?"

"मला मूल हवं होतं आणि भीतीही वाटत होती. गर्भात तपासणी करता येते म्हणाले. पण त्यातही तेच निघालं तर? आणखी एक घालवायचं बळ माझ्यात नव्हतं. तुझे बाबा एक दिवस म्हणाले, माझं रक्त नको. दात्याचं घेऊ. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज तेवढंच म्हणायचे, तुझं मूल ते माझं मूल. शेवटी नागपूरला गेलो. दाता कोण ते आम्ही विचारलंही नाही. तू झालीस, तुला सिकल नव्हता, आणि ते दवाखान्याच्या जिन्यावर बसून मोठमोठ्यानं रडले."

"मग मला सांगितलं का नाही? सुगतचं तरी?"

"त्यांनी शब्द घेतला होता. सगळ्यांकडून. सुगतचं नाव निघालं की तो कशानं गेला ते निघणार, मग तू कशी झालीस ते निघणार. बदली मागून घेतली, फोटो पेटीत घालून नदीत सोडले. माझ्या लेकराचा एक फोटो ठेवू दिला नाही त्यांनी, त्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण ते घाबरायचे. म्हणायचे, तिला कळलं तर एक दिवस ती माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. त्या एका नजरेला फार घाबरायचा तो माणूस."

उत्पलाला आपण या आठवड्यात कुणाकडे कोणत्या नजरेनं पाहिलं ते आठवलं. तिला आईच्या डोळ्यांकडे बघवेना.

"आणि आता त्या डॉक्टरीण म्हणतात, तो आहे," आई म्हणाली. "माझ्या पाणथरीत. जिवंत, वाढतोय. ज्या पाणथरीनं त्याला नेलं, त्याच जागी येऊन राहिलाय. आणि तुम्ही म्हणता जाळून टाका."

*

उत्पलानं डॉक्टर भोयर यांना गाठलं. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "थोरल्या भावाच्या पेशी आईमार्फत धाकट्या बहिणीत येतात, असं तुम्ही म्हणाला होता. सुगतच्या पेशी माझ्यात असतील?"

"असू शकतात. तुम्ही पोटात होता तेव्हा त्या आईच्या रक्तातून तुमच्यात उतरल्या असतील."

"मग बघा."

त्यांनी तिचं भरपूर रक्त घेतलं आणि यंत्राला लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावून दार लावलं, तेव्हाच उत्तर तिला कळलं.

"नाहीत?"

"रक्तात एकही सापडली नाही. पाणथरीत असतीलही. पण धडधाकट माणसाच्या पाणथरीत मी उगाच नळी घालणार नाही. तुम्ही कितीही म्हणालात तरी."

"आईला हे सांगू नका."

"मी पेशंटशी खोटं बोलत नाही."

"तुम्ही बोलूच नका. ती मला विचारेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खिडकीचा पडदा सारखा करायच्या निमित्तानं त्यांनी तोंड फिरवलं. "आज रात्रीपर्यंत होकार आला तर उद्या करता येईल," त्या म्हणाल्या. "परवाचं मला सांगता येत नाही."

आई उशीला टेकून बसली होती. उत्पला जवळ स्टुलावर बसली. किती तरी माणसांनी तिच्यासमोर बसून खोटं सांगितलं होतं. त्यांची छाती कशी धडधडत असेल ते तिला आज पहिल्यांदा कळलं.

"आई, मी माझं रक्त तपासून घेतलं. सुगत माझ्यातही आहे."

आई हलली नाही. "तुझ्यात?"

"मी पोटात असताना तुझ्याकडून आला. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं."

"किती आहे?"

"फार नाही. थोडा."

"त्रास देत नाही ना तुला?"

"नाही. शांत आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की उत्पलाला मान खाली घालावीशी वाटली, पण तिनं घातली नाही. शेवटी आईनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरं," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांग, उद्या करा. आणि करताना मला गुंगी देऊ नका म्हणावं. मला जागं राहायचंय."

*

शोधनाला तासभरही लागला नाही. नळी मनगटातून आत गेली, पडद्यावर पाणथरीतल्या रक्तवाहिन्यांचं झाड उजळलं, आणि त्याच्या फांद्यांतले सुगतच्या पेशींचे पिवळे ठिपके एकेक करून विझत गेले. आई जागी होती. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते कुणाला ऐकू आलं नाही.

आठवड्यात प्लेटलेट्स वाढायला लागल्या. जांभळे डाग आधी हिरवट, मग पिवळे पडले आणि एक दिवस दिसेनासे झाले. घरी आल्यावर आई सुगतबद्दल बोलायला लागली. त्याला भात आवडायचा नाही. तो कोंबडीला 'काका' म्हणायचा. ऐकता ऐकता उत्पलाच्या डोळ्यांसमोर एक मुलगा उभा राहायला लागला, आणि त्याबरोबर तिची अस्वस्थताही वाढत गेली. तिच्या खोट्याच्या भरवशावर आईनं त्याला जाळू दिलं होतं.

नागपूरला परत जायच्या सकाळी ती बॅग भरत होती. आई तिच्यासाठी डब्यात चटणी भरत होती.

"आई, मला एक सांगायचंय. माझ्या रक्तात..."

"काही सापडलं नाही," आई म्हणाली. "ठाऊक आहे मला."

उत्पलाच्या हातातला कपडा खाली पडला. "डॉक्टरांनी सांगितलं?"

"त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत."

"मग तू हो का म्हणालीस?"

आईनं डब्याचं झाकण लावलं, घट्ट बसलं की नाही ते पाहिलं. "एकाला पुढं जाताना बघितलं होतं मी. तुला मागं एकटं सोडून जायची छाती झाली नाही. हो म्हणायला काही तरी निमित्त हवं होतं, ते तू दिलंस."

"पण तुला कळलं कसं? मी इतकं जपून बोलले."

आई हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"खोटं बोलताना," ती म्हणाली, "तू हुबेहूब तुझ्या बाबांसारखी दिसतेस."